घाट उतरताना पुढच्या डिस्क ब्रेकचा जोर जातो, गार झाल्यावर परत येतो. मदत हवी आहे

गाडी २०१६ ची, १५० सीसी, सेकंड हँड घेतलेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. कोल्हापुरात चालवताना काही तक्रार नाही. रंकाळा, स्टँड, शिरोली एमआयडीसीपर्यंत जाऊन आलं तरी लिव्हर घट्ट. त्रास फक्त उतारावर.

गेल्या रविवारी गगनबावड्याहून करूळ घाटानं वैभववाडीकडे उतरत होतो, मागं बायको बसलेली. निम्म्या घाटात लिव्हर मऊ पडायला लागला आणि एका वळणावर सरळ हँडलला टेकला. भराभर पंप केल्यावर थोडा पकडला. मागचा ब्रेक आणि दुसरा गिअर यांच्या जोरावर गाडी कडेला घेतली. भुरभुर पाऊस होता, डिस्कवर पडलेला थेंब चर्र होऊन उडत होता. थोडा वेळ थांबलो, तर लिव्हर पुन्हा पहिल्यासारखा! हेच मला जास्त भीतीदायक वाटतंय. गॅरेजमध्ये दाखवायला नेईपर्यंत ब्रेक एकदम चांगला असतो.

उद्यमनगरात दोघांना दाखवली. एक म्हणतो मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा भाग) किट बदला, दुसरा म्हणतो अख्खा कॅलिपर (चाकाजवळचा, पॅडनी डिस्क पकडणारा भाग) टाका. चाक उचलून मात्र कुणीच बघितलं नाही. घरी मी जेवढं तपासलं ते असं: ब्रेक ऑइलची पातळी बरोबर आहे, पण रंग कोऱ्या चहासारखा. आधीच्या मालकानं ते कधी बदललं, कळायला मार्ग नाही. गळती कुठंच नाही. गाडी गार असताना लिव्हर मिनिटभर दाबून धरला, खाली सरकला नाही. मग मास्टर सिलिंडरचा वॉशर गेलाय असं कसं म्हणायचं? सेंटर स्टँडवर मागून दाबून पुढचं चाक फिरवलं, तर अर्धा फेराही पुरा होत नाही. आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलाय.

पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ हीच गाडी घेऊन कणकवलीला जाणार आहे. दुरुस्ती नेमकी कशाची करू? पैशाचं नंतर बघू, ब्रेक खात्रीचा पाहिजे.

प्रतिसाद:

भावा, दुरुस्ती होईपर्यंत गाडी घाटात नेऊ देऊ नकोस. तुझ्याकडं दोन दोष एकत्र आलेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की आत वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर टेकतो. गार झालं की वाफ जिरते आणि ब्रेक परत येतो.

पण एवढं तापलं का, हा खरा प्रश्न. चाक जड असतानाच कॅलिपरच्या निपलला (एअर काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लाव आणि निपल जरा सैल कर. ऑइल उसळून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकतोय. म्हणजे मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक छिद्र तुंबलंय, नाहीतर होज (ऑइलची रबरी नळी) आतून फुगलाय. तरीही चाक जडच राहिलं, तर कॅलिपर जिच्यावर सरकतो ती सरकपिन किंवा पॅडला ढकलणारा पिस्टन जाम. आतलाच पॅड झिजलाय त्यावरून मला पिनचा संशय जास्त. इकडच्या पावसात चिखल बसून पिना धरतात.

पिनेला ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लाव. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंस तर रबर फुगेल. ब्रेक ऑइल त्याच्याच टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉटचं घे, सीलबंद बाटलीतलं. रंगावर सांडू देऊ नकोस, रंग जातो.

धागाकर्ता:

धन्यवाद भावा. निपल सैल केलं, चाक तसंच जड. कॅलिपर खोलला, खालची पिन हातानं हलेना, गंजून बसलेली. पिस्टनच्या कडेलाही गंजाचे ठिपके आहेत. बारीक पॉलिश पेपरनं घासून चालवू का?

प्रतिसाद:

सील टेकतं त्या भागात नख अडकण्याइतका खड्डा असेल तर पिस्टन नवाच घाल. पिस्टन नवा घातलास किंवा जुनाच ठेवलास तरी सील किट बदल, उघडलंच आहेस तर. एअर काढताना निपलमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढत राहा. मग आधी जोतिबाचा डोंगर उतरून बघ, खाली आल्यावर चाक हातानं फिरतंय का तपास, आणि मगच भावाच्या हातात किल्ली दे.