मातीच्या जुन्या, लहान जलविद्युत धरणाच्या पायथ्याशी ओल : काळजी केव्हा करावी?

प्रश्न (नदीकाठ, पुणे)

मी पुण्यात राहतो; आमची वडिलोपार्जित शेती जिल्ह्याच्या पश्चिम भागात, मातीच्या एका लहान धरणाच्या खालच्या अंगाला आहे. धरण जुने असून त्याच्या भरावातून गेलेल्या नळाने पायथ्याच्या छोट्या वीजगृहाला पाणी मिळते. हा नळ जेथे बाहेर पडतो, त्याच्या आसपासची जमीन ऐन उन्हाळ्यातही ओली असते आणि उतारावर झाडे माजली आहेत. इतकी वर्षे काही झाले नाही, शिवाय पावसाळ्यात वीजनिर्मिती चालू ठेवली की पाणी उतरते, असे गावात सांगतात. हा दिलासा कितपत खरा मानावा?

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता)

मातीच्या धरणातून थोडा पाझर होतच असतो, त्यामुळे नुसत्या ओलीने घाबरू नये. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, आणि जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढतो आहे का, हे पाहावे. गढूळ पाणी म्हणजे भरावातली माती वाहून जात आहे, आणि तसे दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. पाझर चरात घेऊन व्ही-नॉचवर (प्रवाह मोजण्यासाठी पट्टीत केलेल्या इंग्रजी V आकाराच्या खाचेवर) मोजणे आणि शेजारी पातळीची नोंद ठेवणे हे धरणमालकाचे काम आहे. ती नोंदवही आहे का, हे आधी विचारा.

तुमच्या वर्णनात मला ओलीपेक्षा तिची जागा खटकते. नळाच्या कडेने माती नीट दाबली जात नाही आणि पाणी तेथूनच वाट काढते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याची सुरुवातही विमोचकापाशी, म्हणजे भरावाखालून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळापाशीच झाली : त्याचे काम अपुरे असताना पाणी साठले, त्यावरचा भराव खचत गेला आणि अखेर पाणी माथ्यावरून गेले.

वीजनिर्मितीने पूर उतरतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. लहान जनित्रातून जाणारे पाणी पुराच्या येव्यापुढे नगण्य असते. पूर सांडव्यानेच वाहून न्यायचा असतो.

उत्तर (जलअभ्यासक)

‘इतकी वर्षे काही झाले नाही’ या युक्तिवादाला अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या एडनव्हिल धरणाने चोख उत्तर दिले आहे. तेही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, मातीचे आणि वीजनिर्मितीचे. सांडवा अपुरा असल्याच्या कारणावरून २०१८ मध्ये त्याचा वीजनिर्मितीचा परवाना रद्द झाला, पण धरण आणि जलाशय जागेवरच राहिले, आणि १९ मे २०२० रोजी ते फुटून खालचे सॅनफोर्ड धरणही गेले. पाणी माथ्यावरून गेलेच नव्हते. जलाशयाची पातळी पूर्वी कधी नव्हती इतकी चढली आणि भरावातल्या सैल वाळूचा आधार एकाएकी सुटला, असा निष्कर्ष स्वतंत्र तज्ज्ञांनी काढला. जुन्या धरणाचा भराव कशाचा आहे, हे पुष्कळदा कागदावर सापडत नाही; मला तरी हाच मोठा धोका वाटतो.

उत्तर (कायद्यापुरते)

धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची धरणे दहा लाख घनमीटर साठवणक्षमतेसारख्या काही अटींवर त्यात येतात. लागू असल्यास पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी करणे व आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे मालकावर बंधनकारक आहे, मग मालक खासगी कंपनी का असेना. म्हणून आधी उंची आणि साठा विचारा. धरण सरकारी असेल तर तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. कायद्याच्या कक्षेबाहेर असेल तरी जिल्हाधिकाऱ्यांकडे छायाचित्रांसह लेखी अर्ज द्यावा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. झाडे ग्रामस्थांनी श्रमदानाने तोडली तर चालेल का?

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता)

झुडपे मालकाला विचारून काढावीत. मोठ्या झाडांना मात्र हात लावू नये, कारण खोड तोडल्यावर मुळे आत कुजतात आणि त्यांच्या पोकळ्यांतून पाण्याला आयती वाट मिळते. ते काम जलाशयाची पातळी उतरलेली असताना, मुळे खणून खड्डे थराथराने दाबून भरत, अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.