मदत हवी आहे: टीबीएक्स६ हे प्रथिन स्वतः एन्हान्सरवर बसतं का?

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला भ्रूणशास्त्र शिकवते. पुढच्या आठवड्यात एन्हान्सर (जनुक कुठे, कधी चालू व्हावं हे ठरवणारे डीएनएचे तुकडे) घ्यायचे आहेत आणि एका जागी अडले आहे.

आम्ही शिकलो तेव्हा गोष्ट सरळ होती: आधी गर्भाचे तीन स्तर वेगळे होतात, मग बाह्यस्तरातून मज्जासंस्था घडते. पण उंदराच्या गर्भात शेपटीकडच्या बाजूला एकाच पूर्वज पेशीची संतती मज्जारज्जूतही जाते आणि मणके-स्नायू घडवणाऱ्या मध्यस्तरातही. कुठे जायचं, हे पेशीला मज्जासंस्थेकडे नेणाऱ्या सॉक्स२ जनुकाच्या एन१ या एन्हान्सरवर ठरतं. वरच्या थरात राहिलेल्या पेशींत एन१ चालू राहतो, सॉक्स२ जागं होतं. आत उतरणार असलेल्या पेशींत टीबीएक्स६ येतं आणि एन१ बंद पडतो.

१९९८ साली टीबीएक्स६चं जनुक बिघडवलेल्या उंदरांचे गर्भ पाहिले गेले. मानेच्या खाली, जिथे सोमाइट (मणके-स्नायू घडवणारे मध्यस्तराचे गोळे) हवेत तिथे, दोन्ही बाजूंना एकेक जास्तीची न्यूरल ट्यूब, म्हणजे मज्जारज्जू घडवणारी नळी! आडव्या छेदात तीन ट्यूब शेजारी शेजारी. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्यावरून नजर हलली नव्हती. पुढे २०११ मध्ये जपानी संशोधकांनी अशाच गर्भातून एन१चा तुकडाही काढला, तर जादा ट्यूब झाल्याच नाहीत. सॉक्स२चं प्रथिन लिहिणारा भाग शाबूत होता, गेला तो फक्त एक स्विच.

एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, डीएनए दोन्हीकडे सारखाच, मग एन१ एकीकडेच का बंद होतो?" टीबीएक्स६ डीएनएला चिकटणारं प्रथिन आहे. ते थेट एन१वर बसतं, की मध्ये आणखी कोणी आहे? कृपया सोप्या भाषेत सांगा, तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

प्रतिसाद:
ताई, मध्ये विंट३ए (पेशींना संदेश देणारं एक प्रथिन) आहे असं दिसतं. एन१ला विंट आणि एफजीएफ असे दोन्ही संदेश लागतात, हे २००६मध्येच दाखवलं गेलं होतं. आत उतरलेल्या पेशींच्या जागेत टीबीएक्स६ विंट३एला दाबतं, मग एन१चा एक आधारच जातो. विद्यार्थिनीला सांगा, डीएनए तोच, पण पेशीपर्यंत पोचणारे निरोप वेगळे.

एक जपा: एन१ काढल्यावर जादा ट्यूब झाल्या नाहीत, एवढंच म्हणा. त्यावरून सोमाइट परत आले असा अर्थ निघत नाही, आणि मुलं हमखास तोच काढतात.