खांद्याचा सांधा 'दहा वर्षं टिकतो' म्हणजे नक्की काय टिकतं?

कृष्णाकाठ
आईचं वय ७१. डावा खांदा बदलून चार वर्षं झाली, रिव्हर्स प्रकारचा, म्हणजे गोळा आणि वाटीची जागा उलटी केलेला. ऑपरेशनआधी एकच आकडा कानावर पडत होता: शंभरातले नव्वदहून जास्त सांधे दहा वर्षं टिकतात. आकडा खरा आहे. पण त्यात मोजतात काय, तर पुन्हा ऑपरेशन लागलं की नाही, एवढंच.

आई फळीवरचा डबा काढते, केस विंचरते. हात मागे मात्र जात नाही. साडी मागून नीट करायला कोणीतरी लागतं. आणि स्पष्टच लिहितो, आपल्याकडे धुवायला डावा हातच लागतो. पहिले तीन महिने ती याच कारणाने कमी जेवत होती, हे आम्हाला नंतर कळलं. मग संडासात जेट बसवला. रिव्हर्समध्ये हात मागे वळणं कमी होऊ शकतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही. तिचा सांधा कागदोपत्री 'यशस्वी'च धरला जाणार.

ओवी
तुमचं दुःख कळतं, पण सूर पटला नाही. ऑपरेशनआधी त्यांचा हात मागे जात होता का?

माझे सासरे तीन वर्षं खुर्चीत बसून झोपले. कूस बदलली की कळ. रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याचा गोळा जागेवर धरून हात फिरवणारे स्नायू पार फाटलेले. अशा खांद्यात पूर्वी दंडाच्या हाडाचा नुसता गोळा बदलायचे. दुखणं थोडं कमी व्हायचं, हात वर जायचा नाही. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास रचनाच उलटी केली: गोळा फऱ्याच्या हाडाला, वाटी दंडाला. त्यामुळे कफचं काम डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, उचलतो. सासरे आता आडवे झोपतात, सहा वर्षं झाली. तुमची पोस्ट वाचून एखादी म्हातारी घाबरून ऑपरेशन टाळेल, त्याचं काय?

कृष्णाकाठ
कमरेपर्यंत जात होता, दुखत दुखत. आता कुल्ल्यापाशी अडतो. झोप आईलाही मिळाली, ते नाकारत नाही. ऑपरेशन करू नका असं मी कुठे लिहिलंय?

देवगडकर
तुम्ही दोघंही एकाच आकड्याभोवती फिरताय. वय बघा. इंग्लंडमधल्या पन्नास हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ५५ ते ५९ वयाच्या पुरुषांत उरलेल्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता साधारण चारात एक. ८५ च्या पुढच्या बायकांत ३७ मध्ये एक. म्हणजे 'नव्वद टक्के' हे उत्तर माझ्या भावासाठी नाहीच. तो ५७ चा आहे, सुतार.

त्याचा कफ शाबूत आहे, म्हणून त्याला साधा, सरळ रचनेचा सांधा सुचवलाय. त्यात फऱ्याच्या बाजूची प्लॅस्टिकची वाटी कालांतराने सैल होते, ही जुनीच डोकेदुखी. शिवाय क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा त्वचेवरचाच जंतू. ताप नाही, पू नाही. सांधा नुसता दुखत आणि आखडत राहतो. निदानालाच वर्षं जाऊ शकतात.

ओवी
सुताराचं वेगळं, मान्य. सत्तरीपुढच्यांना मात्र मी हो म्हणा असंच सांगेन. सासऱ्यांनी पुढची वीस वर्षं मोजली नव्हती, त्यांना त्या रात्री झोप हवी होती.

कृष्णाकाठ
आणि मी म्हणतो, सत्तरीच्या बाईलाच आधी विचारा: धुता कुठल्या हाताने? घरी एकट्या असता का? उत्तर ऐकून ऑपरेशन रद्द होणार नाही, पण जेट आधी बसेल. आमच्या घरी तो तीन महिने उशिरा बसला. एवढाच माझा राग आहे.

ओवी
हे विचारायलाच हवं. इथे वाद नाही. देवगडकर, भावाचं काय ठरलं?

देवगडकर
सध्या गोळ्या आणि व्यायाम. रंधा पोराच्या हातात दिलाय. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतोय. त्यांना वाटीचंच आधी विचारणार.