शब्द हवा: ‘लाइटवेट’ लिनक्सला मराठीत काय म्हणावं?

लॅबवाल्या बाई

गावातल्या वाचनालयात दर रविवारी जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी घालता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, शिकवते. मुलं थोडी, पालक आणि निवृत्त मंडळी जास्त. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या लुबुंटूची २५.०४ ही आवृत्ती २०२५ च्या १७ एप्रिलला आली, तेव्हा म्हटलं, नवीन काय आहे ते एका कागदावर मराठीत लिहून भिंतीला चिकटवावं. पहिल्याच ओळीला अडले.

‘लुबुंटू ही हलकी ऑपरेटिंग सिस्टीम आहे’ असं लिहिलं आणि कागद एका आजोबांना वाचायला दिला. आजोबांची सगळी हयात कापडाच्या दुकानात गेलेली. चष्मा वर करून म्हणाले, "हलकी? मग चांगल्यातली नाही का तुमच्याकडे?"

तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसलाय. आपण पोटाला हलकं खातो, मन हलकं करतो, हलक्या हाताने मलम लावतो, तोवर सगळं ठीक. पण विकाऊ वस्तूला ‘हलकं’ लावलं की थेट दर्जावर घसरतं. हलकं कापड, हलका माल, हलक्या प्रतीचा कागद. म्हणून तर दुकानदार ‘साडी हलकी आहे’ म्हणत नाही, ‘वजनाला हलकी आहे’ म्हणतो. तो ‘वजनाला’ काढला की गिऱ्हाईक गेलं! आता सॉफ्टवेअरला वजन कुठून आणू?

‘लघुभार’ वगैरे सुचवू नका, वर्गात हसतील. दुसरं काय म्हणता येईल?

जुना खिळा

बाई, आजोबांचं बरोबर आहे, आणि तुमचंही चूक नाही. शब्दाचा स्वभावच दुहेरी आहे. संस्कृतातला ‘लघुक’, प्राकृतात त्याचा ‘लहुअ’ झाला, आणि ल-ह ची अदलाबदल होऊन ‘हलुअ’. तिथून आपला ‘हलका’. ‘हलकट’ही त्याच घरातला, त्याला पानावर बसवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मजेची गोष्ट पुढे आहे. आपला ‘हळू’ही त्याच ‘लघु’च्या कुळातला. जुन्या मराठीत हळू म्हणजे हलकंच. जे हलकं ते अलगद, अलगद ते सावकाश, असं करत करत हळूला आजचा अर्थ चिकटला. म्हणजे तुमच्या वाचनालयात चाललंय ते काय, तर हळू झालेल्या यंत्रावर हलकी प्रणाली घालायची. सख्खी भावंडं, एक दुखणं आणि एक औषध.

फोंड्याहून

कोंकणीत ‘ल्हवू ल्हवू’ म्हणजे हळूहळू. आमच्यात ल-ह ची ती उलटापालट झालीच नाही, ‘लघु’ अजून ओळखू येतो. एवढंच. चालू द्या.

टर्मिनलवाला

शब्द शोधायच्या आधी एक विचारतो, ताई. हलकी म्हणजे नक्की कशाने हलकी? रॅम कमी खाते म्हणून? डिस्कवर जागा कमी घेते म्हणून? पडद्यावर पसारा नाही म्हणून? की जुन्या मशीनवर चालते म्हणून? इंग्रजीत एकाच शब्दात हे सगळं कोंबलंय. मराठीत तसं कोंबायलाच हवं असं कुणी सांगितलं?

आणि लुबुंटूच्या बाबतीत तर हा शब्द मधेच पालटलाय. मुळात ती एलएक्सडीई या डेस्कटॉपवर (पडद्यावरची पट्टी, मेनू वगैरे मांडणारा भाग) चालायची. तैवानच्या होंग जेन यी यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा डेस्कटॉप, नावातला ‘एल’च लाइटवेटचा. तेव्हा अर्थ सरळ होता: अडगळीतला पीसी उठवायचा असेल तर लुबुंटू घाला. मग २०१८ च्या ऑक्टोबरात १८.१० आली आणि एलएक्सडीई जाऊन एलएक्सक्यूटी हा दुसरा डेस्कटॉप आला. त्याच वर्षी त्यांनी जाहीर केलं की जुनी यंत्रं हे आता आमचं मुख्य लक्ष्य नाही, आणि किमान अमुक रॅम, तमुक प्रोसेसर अशी यादीही यापुढे देणार नाही. १९.०४ पासून ३२-बिट (जुन्या प्रोसेसरांसाठीची) प्रतही बंद. तरी ‘हलकी’ म्हणवून घेणं सोडलं नाही. म्हणजे आता हलकी कशाने? तर वापरणाऱ्याच्या कामात मधेमधे येत नाही, म्हणून.

तुम्ही आजोबांना ‘जुन्या मशीनसाठी’ असं समजावलं असेल तर ते लुबुंटूच्या आजच्या भूमिकेला धरून नाही, एवढंच सांगायचंय. प्रत्यक्षात जुन्या ६४-बिट मशीनवर ती छान चालते, तो भाग वेगळा.

माणदेशी

माझा शब्द: काटक.

आमच्याकडं खिलार बैलाला म्हणतात. अंगानं सडसडीत, चाल चपळ, वैरण बेताची, आणि उन्हातान्हात दिवसभर जुंपला तरी कुरकुर नाही. त्याला कुणी हलका बैल म्हणंल का? म्हणून बघा बाजारात. हलका म्हणजे किंमत पाडायची भाषा. काटक म्हणलं की कमी खातो आणि जास्त टिकतो, दोन्ही आलं. याच्या उलट ती दुसरी सिस्टीम, चालू केली की आधी दोन जीबी रॅम गिळती आणि मग पंखा घरघरतो. त्याला आमच्यात जुनी म्हण आहे, खायला काळ अन् भुईला भार.

लॅबवाल्या बाई

काटक! हा शब्द मला का सुचला नाही, याचाच राग येतोय. आजोबांना लगेच फोन करून विचारलं. म्हणाले, "काटक म्हणजे टिकाऊ. हां, आता घेईन."

पण दादा, एक शंका. काटकपणा वापरून कळतो. बैल बाजारात उभा असताना त्याला काटक म्हणायचं तर आधी त्याची चाल पाहावी लागते. नव्या आवृत्तीला पहिल्याच दिवशी काटक म्हणणं म्हणजे मुलगी पाहायला गेलेल्या घरी ‘सून कामाची आहे’ म्हणण्यासारखं. शिवाय टर्मिनलवाले दादा सांगतायत ते ‘मधेमधे न येणं’ काटकमध्ये बसत नाही.

त्यासाठी माझ्या मनात ‘सुटसुटीत’ आहे. मेनू थोडे, खिडक्या साध्या, सूचनांचा भडिमार नाही. सुटसुटीत साडी, सुटसुटीत संसार, तसा सुटसुटीत पडदा.

टर्मिनलवाला

चालेल. तरी ‘मधेमधे न येणं’ याला सुटसुटीतपेक्षा नेमका शब्द आपल्याकडे आहे: लुडबुड. ‘ही प्रणाली लुडबुड करत नाही.’ घरात पाहुणे आले की लुडबुड करणारं पोर प्रत्येकाने पाहिलंय. अपडेटची खिडकी ऐन प्रेझेंटेशनमध्ये वर येते, ती लुडबुडच.

बाकी नवीन काय लिहिलंय? ‘फीचर’ला ‘वैशिष्ट्य’ लिहिलं असेल तर खोडा.

लॅबवाल्या बाई

लिहिलं होतं, खोडलं. ‘वैशिष्ट्य’ म्हणजे इतरांत नाही ते. इथे निम्म्या गोष्टी बाकीच्यांकडे आधीच आहेत. ‘सोय’ लिहिलं. ‘नव्या सोयी.’ कुणाला अडचण नसावी.

खरी अडचण पुढच्या तीन शब्दांची.

एक, फॅन्सी मेनू. एलएक्सक्यूटी २.० मध्ये आला, २०२४ च्या एप्रिलमध्ये. माझ्या लॅपटॉपवर पट्टीवर लावून पाहिला. एका बाजूला वर्गवारी, तिच्यात आवडीचे आणि सगळे प्रोग्रॅम, दुसऱ्या बाजूला यादी, आणि शोधायला एक चौकट. चौकटीत दोन अक्षरं टाइप केली की यादी गाळून येते. जुन्या मेनूत एकातून एक फांद्या फुटत जायच्या आणि माउस जरा घसरला की सगळं मिटायचं. वर्गातल्या एका काकूंचा हात थरथरतो, त्यांना तर हे वरदान वाटेल. पण नाव ‘फॅन्सी’! आपल्याकडे फॅन्सी म्हणजे बांगड्या-टिकल्यांचं दुकान, गाडीचा नंबर आणि गॅदरिंगमधला फॅन्सी ड्रेस. ‘नटवा मेनू’ कसं वाटतं?

दोन, सेशन, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचं काम. ते कुठल्या प्रकारचं हवं हे लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात निवडायचं असतं. ‘सत्र’ लिहिलं तर एका ताईंनी विचारलं, "पहिलं सत्र की दुसरं? परीक्षा आहे का?"

तीन, कंपोझिटर. एलएक्सक्यूटी २.१ मध्ये वेलँडची, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीची, सोय आली, तिथे तो शब्द पदोपदी येतो. याला हात लावायची हिंमतच झाली नाही.

जुना खिळा

हिंमत कसली! शब्द आपल्याकडे शंभर वर्षांपासून पडलाय. जुळारी.

मी तरुणपणी छापखान्यात होतो. माझ्यासमोर खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, केस, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक. एकेक खिळा उचलायचा, उलटा वाचायचा, ओळ जुळवायची, भरली की उतरवून ठेवायची. मजकूर लिहिणारा वेगळा, चित्राचा ठोकळा करणारा वेगळा. आम्ही लिहीत नसू आणि काढतही नसू. सगळ्यांकडून आलेलं एका चौकटीत घट्ट बसवून पान तयार करणं हे जुळाऱ्याचं काम. इंग्रजीत त्यालाच कंपोझिटर. आता तुमच्या वेलँडमध्ये तो काय करतो ते टर्मिनलवाल्यांनी सांगावं, मग शब्द बसतो का बघू.

टर्मिनलवाला

काका, दंडवत. अगदी तेच करतो.

वेलँडच्या आधीच्या एक्स ११ या पद्धतीत (ही आवृत्ती १९८७ ची आहे, बघा!) पडद्यावर चित्र उमटवणारा एक सर्व्हर, आणि खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा वेगळा कारभारी. लुबुंटूत हा कारभारी म्हणजे ओपनबॉक्स. वेलँडमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या खिडकीचं चित्र स्वतः काढतो आणि नुसतं हवाली करतो. कुठली खिडकी वर, कुठली खाली, सावली कुठे, हे ठरवून सगळ्यांचं मिळून एक पान जुळवायचं काम कंपोझिटरचं. एका खिडकीने दुसरीत डोकावायचं नाही, हाही त्यातला फायदा. तुमच्या छापखान्यात लेखक येऊन शेजारच्या लेखाचे खिळे हलवू शकत होता का? एक्समध्ये जवळजवळ तेवढी मोकळीक होती.

एलएक्सक्यूटीने शहाणपणा असा केला की स्वतःचा जुळारी लिहायला बसले नाहीत. २.१ मध्ये तुम्हीच निवडा: लॅबडब्ल्यूसी, केविन, स्वे, आणखीही आहेत. ओपनबॉक्सची सवय असलेल्यांना लॅबडब्ल्यूसी जवळचा वाटेल, तो त्याच वळणावर बेतलाय. मात्र कागदावर हेही लिहा, की लुबुंटू २५.०४ सुरू होते ती अजून एक्सवरच. वेलँड ज्याला हवं त्याने पुढे होऊन घ्यायचं.

(वेलँड हे नाव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं. प्रकल्प सुरू करणाऱ्या क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांना त्या गावातून गाडीने जाताना कल्पना सुचली म्हणे. वेलँडचा अर्थ शोधत बसू नका, लोणंद किंवा पाचाड असं नाव ठेवल्यासारखं आहे.)

माणदेशी

जुळारी झकास. ‘सत्र’ मात्र काढाच. ‘बैठक’ लिहा. एका बैठकीत काम संपवलं, असं आपण म्हणतोच. कॉम्प्युटरपुढं बसलो, उठलो, बैठक संपली.

फोंड्याहून

बैठक म्हटल्यावर मला ग्रामपंचायत दिसते.

लॅबवाल्या बाई

आणि आमच्याकडे निम्मा गाव निरूपण ऐकायला बैठकीला जातो. ‘वेलँडची बैठक निवडा’ लिहिलं तर कुणी पांढरे कपडे घालून यायचं! तरी सत्रापेक्षा बैठक जवळची वाटते. जरा मुरू दे.

‘नटवा’ कुणालाच पटलेला दिसत नाही, कुणी बोललंही नाही. फॅन्सी मेनूच ठेवते. ते त्या सोयीचं नावच आहे, अर्थ कुणी विचारलाच तर ‘शोधता येणारा मेनू’ सांगेन.

टर्मिनलवाला

एक राहिलं, ताई. वर्गातल्या मशीनवर २५.०४ घालू नका. तिला पाठबळ (दुरुस्त्या, अपडेट) फक्त नऊ महिन्यांचं, म्हणजे २०२६ च्या जानेवारीपर्यंत. वर्गासाठी २४.०४ बरी, तिला तीन वर्षं, म्हणजे २०२७ च्या एप्रिलपर्यंत. त्यात फॅन्सी मेनू नाही, हे मान्य.

लॅबवाल्या बाई

वर्गात २४.०४ च आहे, २५.०४ फक्त माझ्या लॅपटॉपवर. कागदावर दोन्ही वेगळं लिहिते. तुम्ही ‘पाठबळ’ लिहिलंत, मी ‘सपोर्ट’ला ‘समर्थन’ लिहून बसले होते. समर्थन राजकारण्यांचं असतं, पाठबळ माहेरचं. बदलते.

दोन यंत्रं ३२-बिट आहेत, त्यांचं काय करू?

टर्मिनलवाला

अँटीएक्स २३. डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि ३२-बिट प्रत मिळते. तिला मात्र माणदेशी दादांचा शब्द बिनधास्त लावा. २५६ एमबी रॅमच्या जुन्या पेंटियम ३ मशीनपर्यंत खाली जायची तिची तयारी असते. ब्राउझर उघडल्यावर काय होईल ते विचारू नका.

लॅबवाल्या बाई

मग वाटणी झाली. अँटीएक्स काटक, लुबुंटू सुटसुटीत. एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी, आणि दोघींत फरक काय तेही आजोबांना न विचारता कळेल.

कागदाची पहिली ओळ आता अशी आहे:

‘लुबुंटू ही सुटसुटीत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती रॅम कमी खाते आणि तुमच्या कामात लुडबुड करत नाही. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चं पाठबळ संपलं. ज्यांचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाही, त्यांनी तो भंगारात घालण्याआधी रविवारी इथे घेऊन यावा.’

खाली ‘नव्या सोयी’मध्ये फॅन्सी मेनू, आणि ‘वेलँडसाठी जुळारी निवडता येतो’ अशी ओळ. जुळारीपुढे कंसात काही लिहिणार नाही. कुणी विचारलं तर जुन्या खिळ्याकाकांची गोष्ट सांगेन.

‘बैठक’ अजून पेन्सिलीने लिहून ठेवलंय. शनिवारी संध्याकाळी प्रिंट काढायचीय, त्याआधी कुणाला बरा शब्द सुचला तर टाका इथे.