मदत हवी आहे: घरी खिळलेल्या वडीलधाऱ्यांसाठी नाताळची भेट

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

आमची साताऱ्यातली ख्रिस्ती मंडळी (चर्च) छोटी आहे. डिसेंबरात तरुण संघ रात्री घरोघर कॅरल गायला जातो, ढोलकी आणि गिटार घेऊन. मुलांचा उत्साह मोठा असतो, पण आजारी किंवा थकलेल्या आजी-आजोबांना तो गलका आणि ती उशिराची वेळ झेपत नाही. वर्षभर उपासनेला येऊ न शकणारी हीच माणसं नाताळात सर्वांत एकटी पडतात, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून यंदा आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चारही रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, चार-पाच जणांनीच जायचं ठरवतोय. बायबलमधल्या लूक २ मधला मेंढपाळांचा भाग वाचायचा, प्रार्थना करायची, थोडी करंजी द्यायची (मधुमेह असेल तिथे फळं).

अडतंय ते गाण्यांवर. या पिढीला पेटी आणि टाळावरची जुनी मराठी भजनंच जवळची. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा साताऱ्यातच मांडला होता, त्यामुळे त्यांच्या भजनांची चाल इथल्या जुन्या घरांत मुरलेली आहे. मुलांना मात्र ती येत नाही.

सांगली-मिरजेकडे किंवा इथे कुणी पेटीवर चाली शिकवेल का? ऐकू कमी येणाऱ्यांसोबत प्रार्थना कशी करता, तेही अनुभवी पाळकांनी आणि महिला मंडळातल्या ताईंनी जरूर सांगावं.