हात थरथरायचे, तरी खेळ रंगायचा

हातचलाखी आली की जादूगार झाला, असं कुणीकुणी म्हणतात. मला नाही पटत. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आठवडी बाजारात एक म्हातारा वाट्या अन् सुताचे गोळे घेऊन जादूचे खेळ करत बसायचा. त्याचे हात थरथरायचे. पण उजव्या हाताचं काम चाललेलं असताना तो स्वतःच डाव्या मुठीकडे असा टक लावून बघायचा, की आम्ही सगळे पोट्टे तिकडेच बघत राहायचो. हशा पिकला की लोकांचं लक्ष सैल पडतं. नेमका तोच क्षण तो साधायचा. बोटांपेक्षा हे कितीतरी कठीण आहे.

आणि जादूगाराला सचोटीही लागते. सुरीला मिथिल ऑरेंज नावाचं रंगद्रव्य लावून लिंबू कापलं की आम्लाने रस लाल होतो. भोंदू हेच करणी म्हणून दाखवून घाबऱ्या माणसाला लुटतो, अन् २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा अशांसाठीच आहे. आमचा म्हातारा मात्र खेळाआधीच सांगायचा, "हे पोटासाठी हाय बाप्पा, मंत्र-बिंत्र काई नाई." तरीही पुढच्या बाजाराला आम्ही सगळ्यांत आधी तिथेच जाऊन बसायचो.