१९३ माणसांची नगरपालिका: हे गाव म्हणायचं की नुसता दावा?

टिवल्याबावल्या: फिलिपिन्समध्ये कलायान नावाची नगरपालिका आहे, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १९३. आपल्याकडे एवढ्याला वाडी म्हणतात, पण तिथे मेयर, कौन्सिल सगळा सरंजाम आहे. लोक राहतात ते पगासा नावाच्या ३७ हेक्टरच्या एकाच बेटावर, साउथ चायना सीमध्ये, पालावान प्रांतातल्या पुएर्तो प्रिन्सेसा शहराहून साडेचारशे किलोमीटरच्या वर. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसने १९७८ ला डिक्री काढून नगरपालिका करून टाकली, सामान्य माणसं मात्र २००१ नंतर नेऊन बसवली, तीही सरकारी तांदळावर. आकडे बघा: २००७ ला ११४, २०१० ला २२२, २०१५ ला १८४. तीन वर्षांत जवळपास दुप्पट! याला काय लोकसंख्या म्हणायचं, ही तर हजेरी झाली. माझं मत सरळ आहे, चीनही ज्या बेटावर हक्क सांगतो तिथे देशाच्या दाव्यासाठी पोराबाळांना असं समुद्रात नेऊन बसवणं चूक आहे.

निवृत्त_खलाशी: 'नेऊन बसवली' म्हणजे काय हातपाय बांधून नेली का? तिकडे मासे आहेत, घर मिळतं, पालावानमध्ये भाडं भरत बसण्यापेक्षा बरं म्हणून जातात माणसं. तो सगळा पट्टा आमच्या चार्टवर 'डेंजरस ग्राउंड' म्हणून छापलेला असतो, जहाजं वळसा घालून जातात, सगळीकडे प्रवाळ. आणि समोर पंचवीसेक किलोमीटरवर सुबी रीफ. आधी भरतीला पाण्याखाली जाणारा खडक, चीनने वाळू उपसून त्यावर ३ किलोमीटरची धावपट्टी केली, रात्री त्याचे दिवे पगासावरून दिसतात. आता पगासावरून माणसं उठवली तर उद्या तिथे कोण येऊन बसेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कलम_१२१: दोघांचंही एक राहून गेलं. फिलिपिन्स विरुद्ध चीन खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाने २०१६ ला निवाडा दिला, त्यात नेमका हाच प्रश्न होता. समुद्र कायद्यात असं आहे की ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचं अर्थकारण टिकू शकत नाही त्याला २०० सागरी मैलांचा आर्थिक पट्टा मिळत नाही, फक्त १२ मैल. लवादाने म्हटलं की बेटाची मुळातली कुवत बघायची, बाहेरून रसद आणून ठेवलेले सैनिक किंवा कर्मचारी धरायचे नाहीत, आणि स्प्रॅटलीतल्या, म्हणजे पगासा ज्यात येतं त्या द्वीपसमूहातल्या, एकाही बेटाला तो पट्टा दिला नाही, तैवानच्या ताब्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटालाही नाही. आणि केस फिलिपिन्सनेच केली होती बरं का! म्हणजे १९३ चे १९०० केले तरी पट्टा वाढणार नाही.

निवृत्त_खलाशी: पट्टा नाही मिळत, मान्य. पण बेट कोणाचं हे लवादाने ठरवलंच नाही, त्यांना तो अधिकारच नव्हता. चीनने तर निवाडा मानलाच नाही. मग मालकीचा वाद चालू असताना तिथे रोज चूल पेटते, मतदान होतं, जनगणना होते हे उपयोगाचं नाही कसं? कागद कपाटात राहतो, माणूस जागेवर राहतो.

शाळामास्तर: मला यातलं कायद्याचं कळत नाही पण तिथे २०१२ ला प्राथमिक शाळा सुरू झाली, त्याआधी पोरांना शिकायला आईबापांपासून लांब पालावानला ठेवावं लागायचं. दावा म्हणा नाहीतर काही म्हणा, शाळा आली की कुटुंब टिकतं. नुसती हजेरीच लावायची असती तर सैनिक पुरले असते, बालवाडीची पोरं कशाला लागली असती?

टिवल्याबावल्या: मास्तर, तोच तर माझा मुद्दा आहे. लोक २००१ नंतर आले आणि शाळा २०१२ ला. धड धक्का नसल्याने मोठं जहाज लांब उभं करून सिमेंट छोट्या होडक्यांतून उतरवायचे, बोटी किनाऱ्याला लागतील असा रॅम्प झाला २०२० ला. पगासाच्या धावपट्टीचं टोक लाटांनी खाल्लं तरी दुरुस्ती रखडली. डिसेंबर २०२१ च्या वादळात घरं उडाली. झेंडा आधी, बाकी सगळं सवडीने. माणसं हवीत ना तिथे? मग आधी त्यांची सोय करा.

कलम_१२१: सोय केली की चीन निषेध खलिता पाठवतो, नाही केली तर तुम्ही धागा काढता 😄

निवृत्त_खलाशी: खलित्याने रॅम्प थांबला नाही ना? झालं तर मग. आता धावपट्टी लांब करा, म्हणजे आजारी माणसाला बोटीची वाट बघत बसावं लागणार नाही. आणि टिवल्या, सोयी मागतोयस म्हणजे गाव उठवायचं नाही हे तुलाही मान्य दिसतंय.

टिवल्याबावल्या: उठवा कुठे म्हटलं मी? नवीन नेऊ नका म्हटलं.